कॉलेजचा कलाहंगाम: आखणीपासून आवराआवरीपर्यंत

पत्रिकेवर तीन महिन्यांचे चौदा कार्यक्रम मोठे सुबक दिसतात. घोळ पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो. शुक्रवारचं नाटक रात्री साडेनऊला संपणार, नेपथ्य सुटायला तीन तास लागणार, आणि शनिवारी सकाळी आठला त्याच मंचावर नृत्यासाठी व्हिनाइलचं आच्छादन अंथरायचं आहे. शेजारच्या दालनात त्याच शुक्रवारी चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन आहे आणि मधल्या बोळात दोन्हीकडचे पाहुणे उभे आहेत. यात चूक कुणा एकाची नसते. तारखा वाटताना प्रत्येक कार्यक्रम म्हणजे एक संध्याकाळ असं धरलेलं असतं, तिथेच सगळं फसतं. प्रेक्षकांना दिसतात ते दोन तास. जागा अडते त्याच्या कितीतरी पट.

खालचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने करा. बहुतेक ठिकाणी चौथा टप्पा, म्हणजे पत्रिका, सगळ्यात आधी उरकला जातो आणि उरलेला हंगाम तिला सांभाळण्यात जातो.

## टप्पा १: जागेची मापं घ्या, आठवणीवर विसंबू नका

हे काम पहिल्या कार्यक्रमाच्या निदान नऊ महिने आधी करा. हातात टेप घेऊन प्रत्येक जागेत जा आणि एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहा.

मंचाची रुंदी, खोली आणि दिवे टांगायच्या पाइपांची जमिनीपासूनची उंची. विंगांमध्ये दोन्ही बाजूंना किती जागा आहे. पडद्यामागून एका विंगेतून दुसरीत जाता येतं की नाही. दालनात भिंतींची सलग लांबी किती. दारं, खिडक्या, विजेची बटणं आणि अग्निशामक यंत्रं वजा करून. बटणांचा फलक भिंतीच्या बरोबर मध्यावर असेल तर चार मीटरची भिंत प्रत्यक्षात दोन लहान भिंती होतात.

मग दारं मोजा. कॅनव्हास २२० बाय १८० सेंटिमीटरचा असेल आणि पेटीने प्रत्येक बाजूला १५ सेंटिमीटर वाढत असेल, तर दाराशी येणारी वस्तू २५० बाय २१० ची असते. ती मुख्य दारातून येते, लिफ्टमध्ये मावत नाही, आणि जिन्याच्या वळणावर अडकते. वळणाची जागा हमखास मोजायची राहते. पियानो आणि नेपथ्याच्या चौकटींचंही तेच.

विजेसाठी कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या. २३० व्होल्टवर १६ अँपिअरच्या एका सॉकेटमधून जास्तीत जास्त ३,६८० वॉट मिळतात. १,००० वॉटचे १२ जुने हॅलोजन दिवे एकदम पेटवले तर सुमारे ५२ अँपिअर लागतात. एलईडी दिव्यांनी हा भार बराच उतरतो, पण बाहेरून येणारा कलासंच कुठले दिवे आणणार हे करार होईपर्यंत कळत नाही. म्हणून प्रत्येक सर्किटची क्षमता आधीच लिहून ठेवा. ध्वनीयंत्रणा आणि डिमर यांची सर्किटं वेगळी हवीत. ती एकत्र असली की दिवे मंद करताच स्पीकरमधून गुणगुण सुरू होते.

पडताळणी: मापांचा हा कागद दोन पानांत बसवा आणि प्रत्येक कलाकाराला बोलणी सुरू होताच पाठवा. ‘मंच मोठा आहे’ या वाक्यावर कुणीही नेपथ्य बांधू शकत नाही.

## टप्पा २: तारखांऐवजी तासांचं कॅलेंडर

आता प्रत्येक कार्यक्रमाने जागा किती तास अडते ते मांडा. मध्यम आकाराच्या नाटकाचा हिशेब साधारण असा येतो:

- नेपथ्य उभारणी: ६ तास
- दिवे टांगणं आणि फोकस करणं (नेमक्या जागी रोखणं): ५ तास
- ध्वनी जोडणी आणि चाचणी: २ तास
- तांत्रिक तालीम: ६ तास
- रंगीत तालीम: ४ तास
- प्रयोग, दारं उघडण्यापासून प्रेक्षागृह रिकामं होईपर्यंत: ४ तास
- उतरवणं आणि मंच झाडून देणं: ३ तास

एकूण ३० तास, म्हणजे एका संध्याकाळसाठी तीन पूर्ण दिवस. एकल गायनाची मैफल आठ तासांत बसते. प्रदर्शनाचं गणित दिवसांत करावं लागतं: आधीची भोकं बुजवून रंग देणं आणि तो सुकणं दोन दिवस, कलाकृती दालनात आणून पेट्या न उघडता ठेवणं एक दिवस, उघडून स्थिती नोंदवणं एक दिवस, टांगणी दोन दिवस, दिवे आणि लेबलं एक दिवस. सात दिवस दालन बंद. दोन प्रदर्शनांच्या मध्ये चारच दिवस ठेवले तर ओल्या रंगावर फ्रेमा टेकतात.

कॅलेंडर भरताना क्रम असा ठेवा. आधी परीक्षा, सुट्ट्या आणि प्रेक्षागृह इतर कामांना दिलेले दिवस काळे करा. मग सर्वात जास्त तास लागणारे कार्यक्रम बसवा. मैफली, व्याख्यानं, चित्रपट उरलेल्या फटींत सहज जातात. उलटं केलं तर नाटकाला सलग तीन दिवस कुठेच सापडत नाहीत.

आवाजाचा हिशेब वेगळा. दालन आणि प्रेक्षागृह यांत एकच भिंत असेल तर तालवाद्यांची तालीम आणि दालनातलं व्याख्यान एका वेळी ठेवू नका. नेपथ्याच्या ठोकाठोकीचे तास वर्गांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा.

इशारा: लागोपाठच्या दोन मोठ्या कार्यक्रमांमध्ये एक पूर्ण दिवस रिकामा सोडा. तो ‘वाया जातोय’ म्हणून कुणीतरी मागायला येईलच. देऊ नका. दिवा फुटणं, ट्रक उशिरा येणं, पियानो परत लावावा लागणं, हे सगळं त्याच दिवशी पचतं.

## टप्पा ३: हक्क, करार आणि कुणाची जबाबदारी काय

नाटकाचे प्रयोग हक्क, संगीताचे सार्वजनिक सादरीकरणाचे हक्क आणि चित्रपटाचे प्रदर्शन हक्क ही तीन वेगळी कामं आहेत. चित्रपटाची डिस्क विकत घेतली किंवा घरच्या खात्यावर तो दिसतो, म्हणून तो लोकांना बोलावून दाखवता येत नाही. प्रवेश विनामूल्य ठेवला की परवानगीची गरज आपोआप संपते, हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. नृत्याच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रित संगीत वापरलं जाणार असेल तर तेही विचारून घ्या. नर्तकांना ते सांगायचं सुचत नाही. चित्रीकरण करून नंतर इंटरनेटवर टाकण्याची परवानगी ही प्रयोगाच्या परवानगीत धरलेली नसते. ती स्वतंत्र मागा.

करारात मानधनाच्या आकड्याखेरीज हे असायलाच हवं: मंच कलाकारांच्या ताब्यात किती वाजता येणार, किती वाजता सोडायचा, तंत्रज्ञ कुणाचे, वाहतूक आणि विमा कुणाकडे, कार्यक्रम रद्द झाला तर कोण काय देणार. चित्रांचा विमा कलाकाराच्या भिंतीवरून चित्र निघाल्यापासून परत त्याच भिंतीवर लागेपर्यंतचा हवा. फक्त दालनातल्या दिवसांचा विमा काढला की बहुतेक धोका बाहेरच राहतो, कारण कलाकृतींना इजा होते ती मुख्यतः उचलताना आणि प्रवासात.

## टप्पा ४: आता पत्रिका

करारांवर सह्या झाल्याखेरीज पत्रिका छापायला देऊ नका. ‘तोंडी ठरलंय’ हे कार्यक्रम ‘तपशील लवकरच’ या सदरातही घालू नका, कारण वाचकाने तारीख पाहिली की ती त्याच्या लेखी पक्की झाली.

प्रत्येक नोंदीत एकाच क्रमाने लिहा: वार, तारीख, सुरू होण्याची वेळ, जागा आणि दार कुठलं, कालावधी, मध्यंतर आहे की नाही, प्रवेश कसा, उशिरा येणाऱ्यांना आत सोडणार का. प्रदर्शनासाठी पहिला व शेवटचा दिवस, रोजची वेळ आणि बंद असण्याचा वार. उद्घाटनाची वेळ आणि प्रदर्शनाची रोजची वेळ एकाच ओळीत लिहिली की लोक सकाळी दहाला उद्घाटनाला येतात.

सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे वार आणि तारीख न जुळणं. मागच्या वर्षीची फाइल उघडून त्यातच नवे तपशील भरले जातात. तारीख बदलते, वार तसाच राहतो. प्रुफं वाचताना एकाने कॅलेंडर हातात धरायचं आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं. दुसरा माणूस हंगामाच्या कामात नसलेला असावा. ज्याला सगळं माहीत आहे त्याला चूक दिसत नाही.

छपाईच्या फाइलला चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), छायाचित्रं ३०० डीपीआयची. कलाकृतीचा फोटो कापायचा, त्यावर अक्षरं टाकायची किंवा तो उलटा फिरवायचा असेल तर चित्रकाराला विचारा.

पडताळणी: छापण्याआधी पत्रिकेतली प्रत्येक नोंद टप्पा २ च्या कॅलेंडरशी आणि टप्पा ३ च्या कराराशी ताडा. तीन ठिकाणी एकच वेळ दिसली तरच पुढे.

## टप्पा ५: प्रदर्शनाची मांडणी

पेट्या दालनात आल्या की २४ तास तशाच ठेवा. ट्रकमधली हवा आणि दालनातली हवा यांत तापमान व ओलाव्याचा फरक असतो. लगेच उघडल्यास काचेच्या आतून दव धरतं आणि लाकडी चौकटी वाकायला लागतात.

पेटी उघडताना दोन माणसं आणि एक कॅमेरा. प्रत्येक कलाकृतीची स्थितीनोंद करा: पुढून, मागून, चारही कोपरे, आधीचे ओरखडे. दिवा एका बाजूने तिरपा मारला की पृष्ठभागावरचे उंचवटे आणि भेगा दिसतात, समोरून दिसत नाहीत. हीच नोंद परत पाठवताना पुन्हा ताडायची आहे, म्हणून ‘ठीक आहे’ असं लिहून भागत नाही. ‘खालच्या डाव्या कोपऱ्यापासून ४ सेंटिमीटरवर १ सेंटिमीटर ओरखडा’ असं लिहा.

फ्रेम वरच्या पट्टीला किंवा मागच्या तारेला धरून उचलू नका. एक हात खाली, एक बाजूला. भिंतीला टेकवून ठेवताना तळाशी फोमचे ठोकळे घाला, समोरासमोर किंवा पाठीला पाठ लावा आणि मध्ये पुठ्ठा ठेवा. एकाच्या मागच्या बाजूचा हुक दुसऱ्याच्या कॅनव्हासमध्ये घुसतो तो असाच घाईत.

टांगायच्या आधी सगळी चित्रं जमिनीवर, आपापल्या भिंतीसमोर मांडून एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी दोन-तीन तरी हलतातच, आणि तेव्हा भिंतीला भोकं पडलेली नसतात.

उंचीसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर घ्या आणि सगळ्या दालनात तोच पाळा. खिळ्याची जागा अशी काढतात: मध्याची उंची, अधिक फ्रेमच्या उंचीचा निम्मा, वजा ताणलेल्या तारेपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. फ्रेम ८० सेंटिमीटर उंच आणि तार वरच्या कडेपासून ८ सेंटिमीटर खाली असेल तर १५० + ४० − ८ = १८२. तार मोजताना बोटाने वर ओढून मोजा. ढिली मोजली तर चित्र मापापेक्षा खाली जातं. जड चित्रांना एकाऐवजी दोन हुक लावा. वजन वाटलं जातं आणि दार आपटल्यावर चित्र तिरकं होत नाही.

प्रकाशाचा त्रास हळूहळू साचतो आणि परत भरून येत नाही. जलरंग, कापड, रंगीत छायाचित्रं, कागदावरची कामं यांना ५० लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचं एकक); तैलरंग आणि अॅक्रिलिकला २०० लक्सपर्यंत. रोज आठ तास, तीस दिवस ५० लक्स म्हणजे १२,००० लक्स-तास. त्याच कागदाला २०० लक्स दिले तर तेवढाच मार आठवड्याभरात बसतो. लक्समीटर उसना मिळाला तरी चालेल, पण डोळ्यांच्या अंदाजाने हे जमत नाही, कारण डोळे अंधाराला सरावतात. दिवा उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांत लावा. फार सपाट मारला तर पाहणाऱ्याची सावली चित्रावर पडते, फार उभा मारला तर फ्रेमची. मग दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी फिरून बघा. सकाळी निर्दोष असलेल्या भिंतीवर दुपारी चारला खिडकीतून ऊन येतं.

लेबलं १८ पॉइंटपेक्षा लहान नकोत, आणि सगळी चित्राच्या एकाच बाजूला. दोन चित्रांच्या बरोबर मध्ये लावलेलं लेबल कुणाचंच नसतं.

व्हिडिओ मांडणी असेल तर संगणकाचं झोपणं आणि आपोआप अपडेट होणं बंद करा, आणि वीज गेली-आली की फिल्म स्वतःहून सुरू होते का ते प्लग काढून पाहा. रोज सकाळी दालन उघडणाऱ्या विद्यार्थ्याला हे जमलं पाहिजे.

## टप्पा ६: मंच

क्रम ठरलेला आहे: आधी दिवे टांगा, मग नेपथ्य उभारा, मग फोकस. नेपथ्य उभं राहिल्यावर शिडी आत जात नाही, आणि नेपथ्याशिवाय केलेला फोकस निरुपयोगी. टांगलेल्या प्रत्येक दिव्याला सुरक्षा केबल हवीच.

नृत्याचा मंच वेगळा. लवचीक लाकडी जमीन हवी. सिमेंटवर नुसतं व्हिनाइल अंथरल्याने घसरण थांबते, गुडघ्यांना बसणारे धक्के थांबत नाहीत. व्हिनाइल काही तास आधी उलगडून पसरू द्या, मगच टेप लावा. घाईत चिकटवलं तर दिव्यांच्या उष्णतेने ते फुगतं आणि मधोमध लाट येते. अनवाणी नाचणाऱ्यांसाठी शेवटची झाडझूड हाताने तपासा. नेपथ्याचे स्क्रू आणि स्टेपल तिथेच सापडतात.

तांत्रिक तालीम आणि रंगीत तालीम एक करू नका. वेळ कमी पडली की पहिला बळी हाच जातो. तांत्रिक तालमीत थांबायचं असतं: एका क्यूपासून (दिवा किंवा आवाज बदलायच्या इशाऱ्यापासून) दुसऱ्यापर्यंत उडी मारत जायचं, चुकला तर तोच क्यू परत. इथे अभिनय होत नाही आणि नट कंटाळतात, ते कंटाळू द्यावेत. रंगीत तालमीत काहीही झालं तरी थांबायचं नाही. दोन्ही एकत्र केल्या तर नट सारखे अडखळतात आणि क्यू अर्धवट बसतात.

ध्वनीत दोन गोष्टी लोक विसरतात. रिकामं प्रेक्षागृह भरलेल्यापेक्षा जास्त घुमतं, त्यामुळे दुपारच्या साउंड चेकला मधुर वाटलेलं संध्याकाळी कोरडं लागतं. आवाजाचा समतोल प्रयोगाच्या पहिल्या पाच मिनिटांत पुन्हा साधावा लागतो. आणि मागच्या रांगांसाठी वेगळे स्पीकर असतील तर त्यांना विलंब द्या. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. मंचापासून २० मीटरवरच्या स्पीकरला ५८ मिलिसेकंद, वर आणखी दहाएक. तसं केलं की आवाज मंचावरून येतोय असंच वाटतं.

पियानो जागेवर आणल्यानंतरच सुरात लावून घ्या, तोही प्रेक्षागृह प्रयोगाच्या वेळेइतकं गरम किंवा थंड असताना, आणि त्या दीड-दोन तासांत मंचावर कुणी हातोडी चालवणार नाही अशी व्यवस्था करून.

चित्रपट दाखवायचा असेल तर फाइल त्याच यंत्रावर, त्याच केबलने, शेवटपर्यंत चालवून पाहा. मग शेवटच्या रांगेत बसा, पुढच्या दोन रांगांत माणसं बसवा आणि उपशीर्षकं वाचता येतात का ते बघा. डोक्यांमागे जातात ती नेमकी खालची ओळ.

## टप्पा ७: मोकळ्या जागेतला कार्यक्रम

चारच गोष्टी, पण चारही आधी. पावसासाठी पर्यायी जागा त्याच दिवशी त्याच वेळी राखून ठेवा आणि निर्णय किती वाजता घ्यायचा तेही पत्रिकेतच लिहा. सूर्यास्ताची वेळ बघा; मावळल्यावरही बराच वेळ आकाश उजळ असतं आणि प्रोजेक्टरचं चित्र फिकं दिसतं. उभा पडदा हा वाऱ्यासाठी शिडच असतो, त्याला वजन आणि ताण दोन्ही द्या. जनरेटर प्रेक्षकांच्या मागे नको, वारा प्रेक्षकांकडून जिकडे वाहतो त्या बाजूला हवा.

## टप्पा ८: दार, आसनं, प्रेक्षक

प्रेक्षागृहात ३०० आसनं आहेत म्हणून ३०० तिकिटं काढू नका. ध्वनी-प्रकाश टेबलाने ८ गेली, कॅमेऱ्याने ४, ज्यांवरून अर्धा मंच दिसत नाही अशी १०, व्हीलचेअर आणि सोबत्यांसाठी १२. उरली २६६. त्यातली सहा-आठ प्रयोगाच्या संध्याकाळपर्यंत हातात ठेवा. एकच आसन दोघांना गेलं की तीच कामी येतात.

बाहेर पडायच्या वाटांत जादा खुर्ची एकही नको. गर्दी वाढली की ‘फक्त दोन’ म्हणून जी खुर्ची टाकली जाते ती नेमकी दारासमोर असते. स्वयंसेवकांना पाळ्यांनी लावा आणि प्रत्येकाला आपलं जवळचं बाहेर पडायचं दार बोटाने दाखवायला सांगा.

पडताळणी: दारं उघडण्याआधी स्वतः फाटकापासून व्हीलचेअरच्या वाटेने आसनापर्यंत चालून या. रॅम्पवर नेपथ्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या आढळतात.

## टप्पा ९: उतरवणं आणि परत पाठवणं

सगळे थकलेले असतात आणि अपघात याच वेळी होतात. प्रयोग संपल्यावर नट, मित्रमंडळी, फुलं मंचावरून हलेपर्यंत एकही दिवा किंवा चौकट सोडवू नका. वर काम चालू असताना खाली हेल्मेटशिवाय कुणी नको.

प्रदर्शन उतरवताना स्थितीनोंदीची फाइल उघडी ठेवून प्रत्येक कलाकृती ताडा, नवीन खूण दिसली तर तिथेच फोटो काढून त्याच दिवशी कलाकाराला कळवा. आलेल्या पेट्या, फोम आणि स्क्रू त्याच चित्रासाठी क्रमांक टाकून ठेवलेले असले पाहिजेत. प्रदर्शन चालू असताना रिकाम्या पेट्या टाकाऊ समजून उचलल्या जातात, म्हणून त्यांवर ठळक लिहा. पाठवणीची पोच सहीनिशी हातात येईपर्यंत विमा बंद करू नका.

भिंतीची भोकं त्याच दिवशी बुजवा. पुढच्या प्रदर्शनाचे सात दिवस तिथून मोजायला लागतात.